एका 'निरंक'चं शुद्धिपत्रक

सरकारी कागदावर 'निरंक' हा शब्द ज्याने कधी लिहिला नाही, त्याला त्यातलं सुख कळायचं नाही. तक्ता भरायचा असतो, रिकामे रकाने डोळे वटारून बघत असतात, शेवटच्या एसटीची वेळ झालेली असते. अशा वेळी ही तीन अक्षरं लिहिली की रकाना गप्प बसतो. अपघात : निरंक. तक्रारी : निरंक. प्रलंबित प्रकरणे : निरंक. आमच्या कचेरीतल्या एका शिपायाने मुलीच्या लग्नपत्रिकेवर 'आहेर : निरंक' असं छापून घेतलं होतं. त्याला म्हणायचं होतं की आहेर आणू नका. लोक समजले की घरून आहेर मिळणार नाही, आणि निम्मे लोक आलेच नाहीत.

मी नोकरीत हा शब्द शेकडो वेळा लिहिला. त्यातला एक खोटा होता. आता वय झालं, गुडघे बोलायला लागले, अकोल्यातल्या घराच्या गच्चीवर बसून सूर्य मावळताना बघायचा एवढंच काम उरलं. तेव्हा तो एक शब्द दुरुस्त करून घ्यावा म्हणून हे लिहितो आहे.

मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाचे डोंगर जिथे सपाटीला टेकतात तिथल्या एका धरणावर. धरणाचं आणि नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक धरणाची नव्हती, नदीची तर नव्हतीच.

मोजणीदाराचं काम सांगायला सोपं. नदीकाठापासून पात्रापर्यंत लोखंडी पट्ट्या पायऱ्यांसारख्या रोवलेल्या असतात. त्यांच्यावर पांढऱ्यावर काळे आकडे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. पूर असला तर तासातासाला. या आकड्यांवरून पुढे कोणी मोठा साहेब धरणाची दारं किती उघडायची ते ठरवतो. म्हणजे सबंध नदीचं मोजमाप शेवटी एका माणसाच्या नजरेवर येऊन ठेपतं, आणि त्या माणसाचे पाय चिखलात असतात.

गावचे लोक मला 'पट्टीवाले भाऊ' म्हणत. माझ्याकडे काय काय मागायला येत! एकदा भर पावसात एका मुलीचा बाप धावत आला. नवरदेव नदीच्या पलीकडे अडकला होता, मुहूर्त टळत होता.

"पट्टीवाले भाऊ, अर्धा घंटा नदी बंद करा नं जी."

मी म्हटलं, "बाबा, नदी माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त पट्टी आहे."

तो म्हणाला, "मंग पट्टी वर सरकवा! आकडा कमी दिसला का गाडीवाला येते म्हन्ते."

आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. पुढे मी जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं, पण त्या दिवशी ते कुठे माहीत होतं.

माझ्या आधीचे मोजणीदार मला काम शिकवायला महिनाभर थांबले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. एका कोरड्या दिवशी पर्जन्यमापकात काहीच नव्हतं, म्हणून मी न बघताच वहीत 'निरंक' लिहिलं. चाचांनी वही परत केली. म्हणाले, "बेटा, निरंक नहीं, सिफर लिख. पर पहले जाके देख. सिफर लिखने के लिए जाना पडता है. निरंक तो कुर्सी बैठे-बैठे लिख देती है."

शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, नव्हतं. निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. या दोन शब्दांमधलं अंतर म्हणजेच आमचा सगळा धंदा.

कौसल्याबाईंची ओळख झाली तेव्हा धरणाची भिंत अजून बांधून व्हायची होती आणि नदी तिच्या मनाने वाहत होती. पट्टीच्या शेजारीच त्यांचा मळा. माळ्याचं घर, काळी जमीन, काठाजवळ विहीर. काठावर वांगी-मिरची, आणि पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत डांगरवाडी. रेतीत खड्डे करून, खत घालून डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायचे. त्या डांगराचा वास परतवाड्याच्या बाजारात शिरण्याआधी रस्त्यावर यायचा. बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बोलणं असं की पुण्याचा माणूस दोन दिवस रुसून बसेल.

पहिल्याच पावसाळ्यात मी पुरात पडलो. आकडा नीट दिसत नव्हता म्हणून एक पायरी जास्त खाली उतरलो, आणि पायाखालची माती गेली. पाण्याने मला काठाकाठाने ओढत नेलं. हाताला काहीतरी लागलं, मी ते धरलं. चामड्याच्या वादीसारखी चिवट फांदी होती. ती पाण्याबरोबर आडवी झाली होती आणि तिच्याबरोबर मीही आडवा झालो होतो. वरून कौसल्याबाईंचा आवाज आला.

"सोडू नका, भाऊ! ते तुमाले सोडनार नाई, तुमी त्याले सोडू नका!"

त्यांनी बैलाचा कासरा टाकला. त्या आणि त्यांचे मालक, दोघांनी मिळून मला ओढून काढलं. मी काठावर पडून पाणी ओकत होतो. बाई म्हणाल्या, "आकडा पाह्यला का नाई? का पुन्ना जाता?"

मी धरलं होतं ते झुडूप म्हणजे शेरणी. वाहत्या नद्यांच्या काठी, दगडांच्या फटीत उगवते. पानं कण्हेरीसारखी लांब, कोवळी असताना तांबूस. उंची माणसाएवढी. पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. फळ खायचं नाही, लाकूड जळणालाही धड नाही. पण पुराचं एवढं जाणणारं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. कौसल्याबाई म्हणायच्या, "बाकीची झाडं पुराशी भांडतात, म्हनून मोडतात. हे पूर आला का निजते, गेला का उठते." पूर ओसरल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहिलं. जिला मी लटकलो होतो ती शेरणी उभी होती. अंगावर काडीकचरा, कोणाची तरी फाटकी चप्पल, आणि शेंड्याला नवी तांबडी पानं.

मग मला ती नदीकाठची दुनिया दिसायला लागली. मोजणीदार रोज आकडे बघतो, म्हणून त्याला एक गोष्ट कळते जी इतरांना कळत नाही. पावसाळ्यानंतर नदी एकदम उतरत नाही. म्हातारं माणूस घाटाच्या पायऱ्या उतरतं तशी उतरते, एकेका पायरीवर दम घेत. प्रत्येक पायरीवर ती ओल्या रेतीचा आणि नव्या गाळाचा एक पट्टा मागे ठेवून जाते. त्या पट्ट्यावर काही दिवसांत हिरवं उमटतं. लव्हाळा येतो. वाळुंज या नदीकाठच्या झाडाचं कापसासारखं बी उडत येऊन ओल्या रेतीला चिकटतं. त्या बियाला फार दम नसतो, थोडक्या दिवसांत ओल मिळाली तर ठीक, नाहीतर गेलं. ओल मिळाली की कोंब येतो, आणि पाणी जसं खाली जातं तसं त्याचं मूळ पाण्याच्या मागे खाली जातं. पाणी हळू उतरलं तर मूळ त्याला गाठतं. पुढच्या पुरापर्यंत ते पोर स्वतःला धरून ठेवण्याइतकं जाणतं होतं.

मी हे सगळं पट्टीच्या आकड्यांसोबत पाहत होतो. कौसल्याबाई मळ्याच्या पायथ्याशी शेरणीच्या फांद्या खोचायच्या, वरच्या अंगाला करंज होते, कोपऱ्यावर जुना कव्हा, म्हणजे अर्जुन. काळ्या मातीचा उभा काठ, पण या मुळांनी तो शिवून टाकला होता. दोन मोठे पूर मी स्वतः मोजले. मळ्याची टोपलीभर माती गेली नाही.

मग तो तक्ता आला.

धरणाच्या पायथ्याशी वीजघर होणार होतं. त्यासाठी बरीच कागदपत्रं होती, त्यातलं एक पान : 'धरणाखालील नदीकाठची वनस्पती. नाव, ठिकाण, उपयोग.' पान माझ्याकडे आलं, कारण नदीकाठी रोज जाणारा मीच. पाऊस जोरात होता. नदी भरून वाहत होती. शेरणी, झाऊची झुडपं, लव्हाळा, सगळं पाण्याखाली झोपलेलं. वरून पाहिलं तर नुसतं गढूळ पाणी.

मी बडेबाबूंना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कना, सांगितलं, "पाणी उतरेपर्यंत थांबू. मग मोजून देतो."

"परवा पाठवायचं आहे," ते म्हणाले. "आता काय दिसते?"

"आता पाणी दिसते."

"मंग पानी काही वनस्पती नाई." त्यांनी मूल्यांकनाची छापील यादी माझ्यापुढे सरकवली. साग, आंबा, मोह, चिंच. "तुमची ते शेरणी यात हाय का? तिचा उपयोग काय लिवसान?"

मी यादी पाहिली. शेरणी नव्हती. वाळुंज नव्हता. उपयोगाच्या रकान्यापाशी माझा पेन थांबला. 'मला वाचवलं' हा काही उपयोग म्हणून लिहायचा प्रकार नव्हे, लोक हसले असते. मी नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती. मी 'निरंक' लिहिलं, खाली सही केली. बडेबाबूंनी बळजबरी केली नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलत आलो. ते वारले. सही माझी आहे.

त्याच आठवड्यात पट्टीवर गेलो तेव्हा कौसल्याबाईंनी विचारलं, "भाऊ, नदीकाठचं लिवून राह्यले म्हन्ते सरकार. आमच्या शेरणीचं लिवलं नं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

वीजघर सुरू झालं तेव्हा मलाही अभिमान वाटला, तो लपवत नाही. पाण्याने पाती फिरतात आणि तारेतून उजेड निघतो, हे पाहून कोणाचं मन भरून येणार नाही? धरणाने संत्र्याचे बगीचे जगवले, गावांना प्यायला पाणी दिलं. ज्यांनी ते उभारलं ते हुशार आणि कष्टाळू लोक होते. पण वीजघर गरजेप्रमाणे चालतं. सकाळी विजेची मागणी, की पाणी सोडलं. दुपारी बंद. संध्याकाळी पुन्हा सोडलं. जी नदी महिनोन् महिने पायऱ्या उतरायची ती आता दिवसातून दोनदा जिना चढायला-उतरायला लागली. माझ्या वहीत ते आकड्यांत उमटलं : चढ, उतार, चढ, उतार.

काठाच्या ओल्या पट्ट्यावर सकाळी आलेलं बी दुपारी वाळायचं, किंवा संध्याकाळी वाहून जायचं. मुळाने पाठलाग करायचा कोणाचा? मोठे पूर धरणात अडले, त्यांच्यासोबत गाळ आणि रेतीही तिथेच बसली. डांगरवाडीची रेती हळूहळू गेली, दगड उरले. आणि यातलं काहीच पटकन दिसलं नाही. जुनी झाडं उभी होती ना! माणसं म्हणायची, सगळं तसंच तर आहे. गावात म्हातारे खुशाल पारावर बसलेले आहेत, म्हणून पाळणा हलत नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये, तसं झालं. मग एकेक म्हातारं झाड गेलं. जागा बेशरम नावाच्या झुडपाने घेतली. त्याला नावही योग्य दिलंय आमच्या लोकांनी. काळा काठ रोज दोनदा भिजतो, दोनदा सुकतो, आणि भाकरीसारखा तुकड्या-तुकड्याने मोडतो. मी निवृत्त झालो तेव्हा कौसल्याबाईंचा अर्धा मळा नदीत होता. निरोपाला गेलो तर त्यांनी मला वांग्यांची पिशवी दिली.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला.

"पट्टीवाले भाऊ, जिते हा का?"

"आहे, कौसल्याबाई."

"मंग या. काठ विहिरीपासून दहा पावलांवर आला. वीजघराची नवी वेळापत्रकं बनून राह्यली म्हन्ते. ते नवी मॅडम चांगली हाय, आयकते. पन म्हन्ते जुन्या कागदात शेरणी नाई. तुमी त लिवली होती नं? येऊन सांगा तिले."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा पाहुण्यांचं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "विहीर गेली का मळा गेला, भाऊ. मंग माह्या तेराव्यालेच या." मी दुसऱ्या दिवशी परतवाड्याची गाडी पकडली.

ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक होती. उपअभियंता मॅडम वयाने माझ्या नातीएवढ्या, पण समज मोठी. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की पावसाळ्यानंतर काही आठवडे पाणी एका लयीत हळूहळू कमी करत नेलं तर काठाची झाडी परत धरेल, आणि काठही धरेल. विजेचं थोडं नुकसान होईल, पण तसा प्रस्ताव देता येतो. "अडचण एकच आहे, काका," त्या म्हणाल्या. "झाडी परत आणायची म्हणजे आधी ती होती असं दाखवावं लागतं. मूळ नोंद निरंक आहे. जे नव्हतंच ते परत कसं आणू?"

त्यांनी पान माझ्यापुढे ठेवलं. पिवळं पडलेलं. माझी तरुणपणची वेलबुट्टीदार सही. कौसल्याबाई समोर खुर्चीवर काठी धरून बसल्या होत्या, माझ्याकडे भरवशाने बघत.

मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"ही सही माझी आहे. नोंद खोटी आहे. झाडी होती. मला माहीत होतं. मी निरंक लिहिलं. आणि कौसल्याबाईंना सांगितलं की लिहिलं."

बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काहून?"

"शेरणी यादीत नव्हती. उपयोग काय लिहायचा ते सुचलं नाही."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "पुरात लटकले होते तवा काय निरंकाले धरलं होतं का?"

कोणीतरी हसलं. मॅडमनी विचारलं, काय झालं होतं? बाईंनी सगळी हकीकत सांगितली, कासऱ्यापासून चपलेपर्यंत. मला रागवायचं सोडून त्या शेरणीचंच कौतुक करत होत्या. तेवढ्या वेळात मी खाली बसलो, आणि डोळे पुसून घेतले.

मॅडम म्हणाल्या, "जुनी नोंद खोडता येत नाही. पण शुद्धिपत्रक जोडता येतं. तुमच्या सहीने. काय होतं आणि कुठे होतं, ते नेमकं हवं."

कुठे काय होतं ते माझ्या वहीत नव्हतं. ते कौसल्याबाईंच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काठाने निघालो, त्यांची काठी पुढे, माझा गुडघा मागे. जिथे आज नुसती मोडलेली दरड आहे तिथे उभं राहून त्या सांगत होत्या : "इथं वाळुंज. दोन होते, एक वाकडा. इथं झाऊ. त्या दगडाच्या मांगं रानजांभूय, पोट्टे चढाचे." एकदाही अडखळल्या नाहीत. मी खात्यात इतकी वर्षं काढली, पण नदीची खरी नोंदवही ही होती.

पट्टीच्या वरच्या अंगाला एक ओढा येऊन मिळतो. त्याच्यावर धरण नाही, वीजघर नाही. तो अजून त्याच्या मनाने भरतो आणि पायरी-पायरीने उतरतो. बाई तिकडे वळल्या. ओढ्याच्या दोन्ही काठांना शेरणी उभी होती. दाट, तांबड्या शेंड्यांची.

"मुख्य नदीतली मरायले लागली तवा फांद्या आनून लावल्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कवातरी कोनी इचारायले येईन."

शुद्धिपत्रकाचा आमच्याकडे एक ठरलेला साचा आहे : अमुक ऐवजी तमुक असे वाचावे. मी ओढ्याकाठी दगडावर बसून ते लिहिलं. 'नदीकाठची वनस्पती या रकान्यातील निरंक ऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे.' खाली एकाखाली एक : शेरणी, वाळुंज, झाऊ, रानजांभूळ, करंज, कव्हा, लव्हाळा. प्रत्येकापुढे ठिकाण. उपयोगाच्या रकान्यापाशी पेन पुन्हा थांबला. मी बाईंना विचारलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "काठ धरते. विहीर धरते. एकडाव एक सरकारी मानूस धरला."

मी तसंच लिहिलं. मॅडमनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. प्रस्ताव वर गेला आहे, निर्णय अजून यायचा आहे. विहीर आज आहे.

सही केल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या, "आता खरंच लिवलं नं?"

"लिहिलं."

"मांगच्या वेळीबी असंच म्हनले होते. दाखवा."

मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी एका हाताच्या पेरांवर झाडं मोजली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कागदावरच्या ओळी. सात झाडं, सात ओळी. मग बोट पहिल्या ओळीवर आणून ठेवलं.

"हे शेरणी का?"

"हो."

"मंग मोठ्या अक्षरात काहून नाई लिवली?"

शुद्धिपत्रकात अक्षर लहानमोठं करायची सोय नाही. दिवाळी अंकात आहे. म्हणून संपादकांना एक विनंती : या लेखात दुसरं काहीही जाड टाइपात छापू नका, माझं नावसुद्धा नको. खालचा एक शब्द तेवढा छापा. अंक घेऊन मला कौसल्याबाईंकडे जायचं आहे, आणि त्या 'दाखवा' म्हणणार आहेत.

शेरणी